सांध्यांतील स्फटिक : उतारवयातील एका दुखण्याची खरी ओळख

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांच्या सांधेदुखीला एक ठरलेले उत्तर मिळते, "वयोमानाप्रमाणे हे चालायचेच." या उत्तरात माया असते, परंतु चौकशी नसते. सत्तरीच्या आजींचे मनगट एका रात्रीत सुजून लाल होते, किंवा पंच्याहत्तरीच्या आजोबांना सकाळी पाऊल जमिनीवर टेकवता येत नाही. त्याला 'वात' म्हटले जाते, तेल चोळून शेक दिला जातो आणि औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते. आठ-दहा दिवसांत दुखणे उतरते. गोळीचा गुण आला असे सर्वांना वाटते आणि पुढच्या वेळी तीच गोळी, बहुधा अधिक दिवस, घेतली जाते.

वस्तुतः 'वात' हे एका रोगाचे नाव नाही. सांध्यांची झीज, रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाने येणारा आमवात, जंतुसंसर्ग आणि सांध्यांत साचणारे सूक्ष्म स्फटिक ही निरनिराळी कारणे आहेत आणि त्यांचे उपचारही निरनिराळे आहेत. यांपैकी स्फटिकांमुळे येणारी सांधेदुखी उतारवयात पुष्कळदा आढळते, तरीही ती ओळखण्यात दिरंगाई होते. दुर्दैव असे, की ती बऱ्याच अंशी आटोक्यात आणता येण्यासारखी आहे. तिला योग्य नाव मिळाले नाही, तर रुग्णाचे मूत्रपिंड, जठर आणि हालचालीचे स्वातंत्र्य या तिन्हींवर संकट येते.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यवसायातील नाही. आयुष्य बँकेत गेले. ज्येष्ठांच्या सहवासात हे दुखणे वारंवार दिसले म्हणून त्याविषयी वाचन केले आणि जाणकारांकडून समजून घेतले. त्यातून जे निश्चितपणे कळले, ते कुटुंबातील सर्वांना समजेल अशा शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. उपचार ठरवण्याचे काम अर्थातच डॉक्टरांचे.

स्फटिक का साचतात?

खडीसाखर कशी तयार होते हे आपणांस ठाऊक आहे. घट्ट पाकात दोरा सोडून ठेवला की हळूहळू दोऱ्यावर साखरेचे खडे धरू लागतात. पाकात जितकी साखर विरघळू शकते तिच्याहून ती अधिक झाली, त्यात पाक थंड झाला आणि पुरेसा काळ गेला, की खडे धरतात. शरीरात यूरिक ॲसिडचे असेच घडते. पेशींतील आणि अन्नातील प्युरीन नावाच्या घटकांचे विघटन झाले की यूरिक ॲसिड तयार होते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडावाटे आणि उरलेला मुख्यतः आतड्यांवाटे बाहेर जातो. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला रक्तात प्रत्येक डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच ते विरघळलेले राहू शकते. वर्षानुवर्षे प्रमाण त्याहून अधिक राहिले, तर त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत व सांध्यांभोवती साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मध्यभागाहून थंड असतो आणि थंडाव्यात विद्राव्यता घटते. या रोगाला अंगठ्याचा सांधा प्रिय असण्याचे हे एक कारण मानले जाते. या रोगालाच गाऊट म्हणतात.

स्फटिक अनेक वर्षे निमूटपणे पडून राहू शकतात. एखाद्या दिवशी शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना परके मानून त्यांच्यावर तुटून पडतात आणि काही तासांत सांधा सुजतो, लाल होतो, पेटल्यासारखा दुखतो. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. बहुधा हा झटका रात्री किंवा पहाटे सुरू होतो, चोवीस तासांच्या आत शिगेला पोहोचतो आणि एक-दोन आठवड्यांत ओसरतो. दुखणे ओसरले म्हणजे स्फटिक गेले असे मात्र नाही.

जुना रोग, नवे ज्ञान

हा रोग आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'वातरक्त' या रोगाचे स्वतंत्र वर्णन आहे. त्याला 'आढ्यवात' असेही नाव दिलेले आहे. आढ्य म्हणजे धनवान, म्हणजेच हा सुखवस्तू, बैठ्या जीवनाच्या माणसांचा रोग. गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या समाजाने या नावाची दखल घ्यावी हे योग्यच. आधुनिक गाऊट आणि प्राचीन वातरक्त यांत पुष्कळ साम्य असले, तरी ते तंतोतंत एकच आहेत असे म्हणता येत नाही.

या रोगाच्या इतिहासात एका व्यापाऱ्याचेही नाव आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरी लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी होते. भिंगांचा छंद लागलेल्या या माणसाने १६७९ मध्ये गाऊटच्या गाठीतील पांढरा पदार्थ स्वतः तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात सुयांसारखे असंख्य कण पाहिले. ते कशाचे आहेत, हे समजण्याची सोय त्या काळी नव्हती. १७७६ मध्ये शेले यांनी मूतखड्यातून यूरिक ॲसिड वेगळे केले. १७९७ मध्ये वोलॅस्टन यांनी गाऊटच्या गाठीतही तेच असल्याचे दाखवले. १८४८ मध्ये लंडनचे डॉ. गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक ॲसिड वाढलेले असते हे सिद्ध केले. पुढे त्यांनी त्यासाठी एक सोपी परीक्षा सुचवली. रक्तद्रवात थोडे आम्ल घालून त्यात एक धागा सोडायचा आणि धाग्यावर स्फटिक धरतात का, हे पाहायचे. खडीसाखरेच्या दोऱ्याचीच ही युक्ती.

निर्णायक पाऊल मात्र १९६१ मध्ये पडले. अमेरिकेतील डॉ. मॅकार्टी आणि डॉ. हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सांध्यातील द्रव तपासून यूरेटचे स्फटिक निश्चितपणे ओळखण्याची पद्धत दाखवून दिली. ती वापरताना असे आढळले, की काही रुग्णांची लक्षणे हुबेहूब गाऊटची आहेत, पण स्फटिक यूरिक ॲसिडचे नाहीत. ते कॅल्शियम पायरोफॉस्फेट नावाच्या क्षाराचे होते. १९६२ मध्ये मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला 'स्यूडोगाऊट' असे नाव दिले. मराठीत त्याला 'तोतया गाऊट' म्हणता येईल. वृद्धांच्या सांधेदुखीचा विचार करताना या तोतयाची ओळख असणे अत्यावश्यक आहे.

वय वाढले की गाऊटचे रूप बदलते

पुस्तकातले गाऊटचे चित्र चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषाचे असते. अंगठा सुजलेला, रात्री अचानक आलेला झटका आणि मध्ये पूर्ण आरामाचे महिने. उतारवयात प्रथमच सुरू होणारे गाऊट अनेकदा या चित्रात बसत नाही. त्यातील फरक पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. स्त्रियांचे प्रमाण वाढते. तरुण वयात हा बहुतांशी पुरुषांचा रोग असतो. स्त्रीसंप्रेरकांमुळे यूरिक ॲसिड मूत्रावाटे अधिक प्रमाणात बाहेर पडते. रजोनिवृत्तीनंतर हे संरक्षण संपते. म्हणून 'बायकांना गाऊट होत नाही' हा समज साठीनंतर लागू पडत नाही.

२. एकाच वेळी अनेक सांधे दुखू शकतात. अंगठ्याऐवजी घोटा, गुडघा, मनगट, कोपर आणि विशेषतः हातांच्या बोटांचे लहान सांधे धरतात. त्यामुळे आमवाताचा भास होतो.

३. झटका नाट्यमय नसतो. दुखणे हळूहळू, सौम्यपणे येते आणि रेंगाळते. मधले आरामाचे दिवस कमी होत जातात.

४. गाठी लवकर येतात. यूरिक ॲसिड साचून झालेल्या गाठी कोपरावर, कानाच्या पाळीवर, पायांवर आणि बोटांच्या टोकांकडील सांध्यांवर दिसतात. झिजेमुळे बोटांच्या त्या सांध्यांना आधीच उंचवटे आलेले असतात व नेमके तेथेच स्फटिक साचतात. म्हणून 'ही झीजच आहे' असे वाटते. कधी अशा गाठीतून खडूच्या पाण्यासारखा पांढरा पदार्थ येतो. तो दरवेळी पू असतोच असे नाही. तथापि जखमेत जंतू शिरू शकतात. गाठ घरी फोडू नये.

५. औषधांचा आणि मूत्रपिंडाचा संबंध अधिक असतो. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी यूरिक ॲसिड वाढते. अल्प मात्रेतील ॲस्पिरिननेही ते काहीसे वाढू शकते. वयानुसार मूत्रपिंडाची क्षमताही घटते. तरीही या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. त्या हृदयाच्या रक्षणासाठी दिलेल्या असतात. त्यांना पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

बँकेत असताना दर नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक येत. त्यांतील कित्येकांची सही जुन्या नमुन्याशी जुळत नसे. पेन धरणारी बोटे उंचवट्यांनी वाकलेली असत. एका पायात बूट आणि दुसऱ्यात सैल चप्पल घालून आलेले गृहस्थही दिसत. नवा नमुना घेऊन काम पुढे नेणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग होता. त्या सर्वांचे कारण एकच होते असे नाही. परंतु यांपैकी कोणी बोटांची कधी तपासणी केली का, असे सहज विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळे, "आता या वयात काय तपासायचे?" या उत्तरामागची निराशा अनाठायी आहे, हेच या लेखाचे सांगणे आहे.

तोतया गाऊट

कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक सांध्यांच्या कूर्चेत साचतात. साठीच्या आत हे क्वचित दिसते. वय वाढेल तसे प्रमाण वाढत जाते. क्ष-किरण छायाचित्रात कूर्चेच्या जागी एक पांढरट, खडूने ओढल्यासारखी रेष दिसते. अनेकांना अशी रेष असूनही काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांचा गुडघा सर्वाधिक वेळा आणि त्याखालोखाल मनगट सुजते. झटका गाऊटसारखाच, पण कधी त्याहून अधिक दिवस टिकणारा असतो. काहींमध्ये झटके येत नाहीत, केवळ झिजेसारखे दुखणे राहते. मात्र साध्या झिजेत सहसा न सापडणारे मनगट किंवा खांदा यांत धरला जातो. काहींमध्ये अनेक सांध्यांना दीर्घकाळ सूज राहून आमवाताचा आभास होतो.

या झटक्याला बहुधा काहीतरी निमित्त असते, उदाहरणार्थ शस्त्रक्रिया, एखादा गंभीर आजार किंवा मार. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडते आणि दोन-चार दिवसांनी रुग्णालयातच आजींचा गुडघा किंवा मनगट सुजून ताप येतो. घरची मंडळी घाबरतात, शस्त्रक्रियेत काही बिघडले असे समजतात. अशा वेळी या विकाराचा विचार व्हावा लागतो.

मानेच्या वरच्या मणक्यांभोवती हे स्फटिक साचले, तर अचानक मान धरते, ताप येतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची शंका उत्पन्न होते. सीटी स्कॅनमध्ये खरे कारण दिसते. तिसऱ्या प्रकारचे, कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक वृद्ध स्त्रियांच्या खांद्याचा सांधा हळूहळू नष्ट करू शकतात. १९८१ मध्ये मॅकार्टी यांच्याच गटाने वर्णिलेल्या या विकाराला अमेरिकेतील शहराच्या नावावरून 'मिलवॉकी खांदा' म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करावा. नावात कॅल्शियम असले, तरी दूध घेतल्याने हा रोग होत नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या भीतीने स्वतःहून बंद करू नयेत. तसेच यूरिक ॲसिड कमी करणारी गोळी या विकारावर निरुपयोगी असते. म्हणूनच खरा आणि तोतया यांतला फरक महत्त्वाचा.

जिथे चूक महागात पडते

पहिली चूक म्हणजे जंतुसंसर्ग दृष्टीआड होणे. सांध्यात जंतू शिरले तरी तो असाच लाल, गरम आणि सुजलेला दिसतो. उपचारास उशीर झाला तर सांधा काही दिवसांत कायमचा निकामी होतो आणि वृद्धांच्या जिवावरही बेतू शकते. उलट स्फटिकांच्या झटक्यातही वृद्धांना ताप येतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. केवळ पाहून भेद करता येत नाही. त्याहून बिकट गोष्ट अशी, की एकाच सांध्यात स्फटिक आणि जंतू दोन्ही असू शकतात. म्हणून एक सांधा अचानक सुजला व ताप किंवा थंडी वाजत असेल, तर ती तातडीची बाब समजावी. उद्यावर ढकलू नये.

दुसरी चूक म्हणजे भ्रमाचा चुकीचा अर्थ लावणे. ऐंशीच्या पुढील व्यक्ती झटक्याच्या वेळी असंबद्ध बोलू लागते, जेवण टाकते, कोणाला ओळखत नाही. सर्वांचे लक्ष मेंदूकडे जाते आणि पांघरुणाखालचा सुजलेला गुडघा कोणी पाहत नाही. वृद्ध व्यक्ती अचानक भ्रमिष्ट झाली, तर इतर तपासण्यांबरोबर सर्व सांधेही उघडे करून पाहिले पाहिजेत.

तिसरी चूक म्हणजे रक्तातील यूरिक ॲसिडच्या एका आकड्यावर निकाल देणे. ऐन झटक्यात हा आकडा सामान्य येऊ शकतो. त्यामुळे गाऊट नाही असे सिद्ध होत नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा तपासावा लागतो. याच्या उलट, आरोग्य तपासणीच्या अहवालात यूरिक ॲसिड थोडे वाढलेले दिसले म्हणजे गाऊट झाले, असेही नाही. प्रमाण वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. लक्षणे नसतील, तर सर्वसाधारणपणे केवळ आकड्यासाठी औषध दिले जात नाही. ताळेबंदातील एक रक्कम पाहून पेढीची स्थिती सांगता येत नाही, तसेच हे.

निदानाची किल्ली

सर्वांत विश्वसनीय तपासणी म्हणजे सुईने सांध्यातील द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. यूरेटचे स्फटिक सुईसारखे, तर पायरोफॉस्फेटचे चौकोनी किंवा दंडगोल दिसतात. ध्रुवित प्रकाशात दोघांचे वर्तन परस्परविरुद्ध असते. तोच द्रव जंतूंच्या तपासणीसाठीही पाठवला जातो. 'सांध्यातले पाणी काढू नये, ते पुन्हा भरते' अशी भीती आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. द्रव काढल्यामुळे रोग वाढत नाही. उलट ताण कमी होऊन दुखणे काहीसे हलके होते. जेथे द्रव काढता येत नाही, तेथे सोनोग्राफी किंवा विशेष प्रकारच्या सीटी स्कॅनचे साहाय्य होते. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "सांध्यातील द्रवाची तपासणी करता येईल का?" या एका प्रश्नाने अनेक वर्षांचा संभ्रम मिटू शकतो.

उपचारांची दोन खाती

गाऊटच्या उपचारांत दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. पहिले खाते झटका शमवण्याचे आणि दुसरे यूरिक ॲसिडचे प्रमाण कायम खाली ठेवण्याचे.

झटक्यात सांध्याला विश्रांती द्यावी आणि कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाने थंडावा द्यावा. चोळणे टाळावे. औषधांची निवड वृद्धांत जपून करावी लागते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तरुणाला चालतील, परंतु वृद्धाच्या जठरात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा, रक्तदाबात वाढ आणि हृदयावर ताण असे परिणाम त्यांतून संभवतात. मूत्रपिंड दुबळे झाले की यूरिक ॲसिड आणखी साचते. म्हणजे ज्या गोळीने आज आराम दिला तीच उद्याच्या झटक्याची तजवीज करते. कोल्चिसिन हे प्रभावी औषध आहे, पण त्याची मात्रा अल्प असावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती आणखी घटवावी लागते आणि काही प्रतिजैविकांबरोबर ते घातक ठरते. स्टेरॉइड तोंडाने किंवा थेट सांध्यात देता येते. त्याने मधुमेहींची साखर वाढते, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

दुसऱ्या खात्यासाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट ही औषधे आहेत. ती अल्प मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. यूरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणि पुष्कळ गाठी असल्यास ५ च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते. असे काही काळ राहिले की साचलेले स्फटिक विरघळू लागतात, गाठीही लहान होतात. मात्र आरंभीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात. जुने खाते मिटवताना जुनी देणी वर यावीत, तसा हा प्रकार आहे. त्यासाठी डॉक्टर काही महिने संरक्षक औषध जोडून देतात. पुष्कळ रुग्ण नेमके याच वेळी 'गोळी सोसत नाही' म्हणून औषध सोडतात आणि सारे श्रम वाया जातात. अपवाद एकच. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ आले, तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. चालू असलेले औषध झटका आला म्हणून बंद करू नये.

तोतया गाऊटचे स्फटिक विरघळवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. तेथे झटका शमवणे आणि तो वारंवार येत असल्यास अल्प मात्रेतील कोल्चिसिनने त्याला प्रतिबंध करणे, एवढेच करता येते.

आपले स्वयंपाकघर आणि आपले उपवास

"आम्ही शाकाहारी, मद्याचा स्पर्श नाही, मग आम्हाला गाऊट कसे होईल?" हा प्रश्न आपल्या समाजात हमखास विचारला जातो. मांस, मासे आणि बिअर ही गाऊटची मोठी कारणे आहेत, हे खरे. त्या बाबतीत आपल्या आहाराचा लाभ निःसंशय आहे. परंतु शरीरातील बहुतांश यूरिक ॲसिड आपल्याच पेशींतून तयार होते आणि मूळ अडचण बहुधा मूत्रपिंडातून ते पुरेसे बाहेर न पडण्याची असते. आनुवंशिकता, स्थूलता, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार आणि औषधे यांना शाकाहाराने अटकाव होत नाही. साखरेतील फ्रुक्टोजही यूरिक ॲसिड वाढवते. म्हणून शीतपेये, डब्यातील गोड रस आणि मिठाई यांना आवर घालणे इष्ट.

याच्या उलट टोकाला डाळींची भीती आहे. यूरिक ॲसिड वाढले की घरात प्रथम वरण बंद होते, मग मटकी, मग पालक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ४७,००० हून अधिक पुरुषांची १२ वर्षे नोंद ठेवली गेली. मांस आणि सागरी अन्नाने गाऊटचा धोका वाढला, मात्र प्युरीनयुक्त भाज्या व कडधान्यांनी तो वाढला नाही आणि दुग्धजन्य पदार्थांनी तो घटला, असे त्यात आढळले. आपल्या वृद्धांना प्रथिने मुख्यत्वे डाळी आणि दुधातूनच मिळतात. तीच काढून घेतली, तर स्नायू क्षीण होऊन पडण्याचा धोका वाढतो. केवळ आहाराने यूरिक ॲसिड थोडेच उतरते, हेही ध्यानी घ्यावे.

आता उपवासाविषयी. दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी कीटोन द्रव्ये मूत्रपिंडातून यूरिक ॲसिड बाहेर जाण्यात अडथळा आणतात. पाणी कमी झाले की त्यात भर पडते. म्हणून अठ्ठाई किंवा त्याहून मोठ्या तपश्चर्येत, तसेच चौविहार उपवासात, ज्यांना पूर्वी गाऊट झाले आहे त्यांना झटका येण्याचा संभव वाढतो. तपाची भावना श्रेष्ठच आहे. तिचा निर्णय ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने आणि गुरूंच्या मार्गदर्शनाने घ्यावा. विनंती एवढीच, की पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना उपवासाचा प्रकार, दिवस आणि पाणी घेणार की नाही, हे स्पष्ट सांगावे. मूत्रपिंड आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर हे अधिकच अगत्याचे.

रात्री पाणी न घेणाऱ्या ज्येष्ठांनी दिवसा पुरेसे पाणी विभागून घ्यावे. मात्र ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याची मर्यादा सांगितलेली आहे, त्यांनी ती पाळावी. सूर्यास्तानंतर गोळ्याही न घेणाऱ्यांनी आपली वेळ आधीच सांगितली, तर डॉक्टर औषधांची वेळ बहुधा जुळवून देऊ शकतात. न सांगता गोळी चुकवण्यापेक्षा हे कितीतरी उत्तम.

घरच्यांसाठी

ज्येष्ठ मंडळी दुखणे लपवतात. दुकानाची वेळ चुकू नये, सुनेला त्रास होऊ नये, मुलांचा खर्च वाढू नये, अशी त्यांची कारणे असतात. म्हणून घरच्यांनी काही गोष्टी आपण होऊन कराव्यात. एका वहीत प्रत्येक झटक्याची तारीख, सांधा, किती दिवस टिकला, त्याआधी काय घडले आणि कोणती गोळी घेतली, याची नोंद ठेवावी. सुजलेल्या सांध्याचे छायाचित्र मोबाइलवर काढावे, कारण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सूज पुष्कळदा उतरलेली असते. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक व घरगुती औषधांसह, जवळ असावी. वेदनाशामक गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये. वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडाची तपासणी करावी.

व्यापारी घरात रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान वाढवत नाहीत. दोन रुपयांचा फरक असला तरी तो शोधला जातो. 'व्यापार म्हटले की एवढे चालायचेच' असे तेथे कोणी म्हणत नाही. ज्यांनी ही शिस्त आपणांस शिकवली, त्यांच्या सुजलेल्या सांध्याचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मांडला गेला पाहिजे. कारण सापडले, तर ऐंशीव्या वर्षीही पुन्हा आपल्या पायांनी मंदिराची पायरी चढता येते, आपल्या हाताने सही करता येते. सांधा पुन्हा सुजेल तेव्हा "कोणती गोळी देऊ?" असे विचारण्याआधी "हे कशामुळे झाले?" एवढे विचारावे.